ओहोटीची वही
समुद्रातल्या जिवांची नोंद आपण कशी ठेवायची?

(महासंघाच्या अभ्यास सहलीत, गिरगाव चौपाटीवर जायच्या आदल्या संध्याकाळी दादरला केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्या ताईंसाठी वार्तापत्रात देत आहोत.)



उद्या सकाळी आपण गिरगाव चौपाटीवर जाणार आहोत. काल गाडीत एक मावशी म्हणाल्या, "समुद्र बघायला मुंबईला कशाला? आमच्या परड्याच्या मागेच आहे की." बरोबर आहे. समुद्र तुम्हाला दाखवायला मी आणलेलं नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणी ओहोटीला कालवं काढतात, तिसऱ्या-खुबे वेचतात, पाटी घेऊन बाजारात बसतात. तुम्हाला मी काय समुद्र शिकवणार? मला दाखवायचंय ते वेगळंच. मुंबईसारख्या गर्दीच्या, घाण पाण्याच्या शहरात साध्या माणसांनी मोबाईल आणि वही घेऊन किनाऱ्यावरच्या जिवांची नोंद कशी केली, आणि त्या नोंदीला वजन कसं आलं, ते. कारण तुमच्याकडे माहिती आहे, नोंद नाही.

मुंबईत काय झालं

२०१७ साली प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि त्यांच्या सोबत्यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. काम सोपं होतं. ओहोटीची वेळ बघायची, लोकांना घेऊन किनाऱ्यावर चालायचं, दिसेल त्या जिवाचा फोटो काढायचा आणि तो सगळ्यांना बघता येईल अशा ठिकाणी ठेवायचा. गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, जुहू अशा जागी हे फिरणं होतं. लहान मुलं येतात, आजी-आजोबा येतात, नोकरीवाले येतात.

मुंबईच्या समुद्रात कचऱ्याशिवाय काही नाही असं आपण समजतो. या लोकांच्या नोंदीत शेकडो जाती आल्या. समुद्रफुलं, ऑक्टोपस, शंखात राहणारे खेकडे, पाकट, समुद्रपंखे, आणि हाजी अलीच्या खडकांवर चक्क जिवंत प्रवाळ. प्रवाळ म्हणजे कोरल. ते दगडासारखं दिसतं, पण तो जीव असतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे त्याला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

आता याचा उपयोग काय झाला? त्याच किनाऱ्यावर सागरी किनारा रस्ता, म्हणजे कोस्टल रोड, बांधायचं ठरलं. प्रकरण कोर्टात गेलं. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्याची किनारा नियमन परवानगी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालू द्यायला सांगितलं, आणि रस्ता झाला. या सगळ्या वादात "इथे प्रवाळ आहे" हा एक मुद्दा होता. २०२० च्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसऱ्या जागी लावले गेले.

रस्ता थांबला नाही, हे मी लपवत नाही. नोंद केली म्हणजे सगळं आपल्या मनासारखं होतं असं नाही. पण नोंद असली की "इथे काहीच नाही" असं कुणाला म्हणता येत नाही.

वरळी कोळीवाड्याचंही तसंच. याच रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर होड्यांना पुरणार नाही असं तिथले मच्छीमार सांगत होते. बरीच वर्षं भांडले. शेवटी एक खांब कमी करून ते अंतर साठ मीटरचं १२० मीटर करायचं ठरलं. होडी कुठून जाते, वारा कुठून येतो, पाणी कसं ओढतं, हे ज्यांना माहीत होतं त्यांनी ते ठामपणे मांडलं म्हणून हे झालं.

आता मला सांगा, आपल्या खाडीवर उद्या जेटी आली, कारखाना आला, रस्ता आला, तर विचारणार कुणाला? होडीमालकाला. होडीचा परवाना असतो, डिझेलचा हिशोब असतो. पण ओहोटीला खडकावर कोयती घेऊन बसणाऱ्या बाईचा परवाना कुठे असतो? तिने वर्षभरात किती कालवं काढली, कुठल्या खडकावरून काढली, याचा कागद कुठे आहे? कागद नाही म्हणजे नुकसानही नाही, असं धरलं जातं. म्हणून ही वही.

पहिलं साधन : पाण्याची वेळ

किनाऱ्याचा अभ्यास भरती-ओहोटीच्या वेळेपासून सुरू होतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतो. मोबाईलवरही वेळ मिळते. पण आपल्याकडे कोळी माणसाचं जुनं गणित आहे, ते तुमच्यातल्या अनेकींना पाठ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. तिथून सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण कामाला पुरतं.

या गणिताचं उदाहरण सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलंय. लालबागचा राजा १९३४ पासून बसतो. कोळी बायका आणि व्यापाऱ्यांच्या बाजाराला कायमची जागा मिळावी या नवसातून तो सुरू झाला. २०२५ च्या विसर्जनाला मूर्ती ७ सप्टेंबरच्या सकाळी गिरगावला पोचली. त्या दिवशी पौर्णिमा होती. आपल्या गणिताने सव्वाअकराची भरती, प्रत्यक्षात पावणेबाराच्या सुमाराला आली. पाणी चढलेलं, मूर्ती तराफ्यावर घेता येईना. दिवसभर थांबावं लागलं आणि रात्री नऊच्या सुमारास विसर्जन झालं. एवढे लोक, एवढी यंत्रणा, पण पाणी कुणासाठी थांबत नाही.

आपल्याला मात्र भरती नको, ओहोटी हवी. तीही उधाणाची. पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात लांब मागे जातं. एरवी झाकलेले खडक उघडे पडतात. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटी पावणेआठच्या आसपास. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी खाली उतरायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, तेव्हा फारसं उघडं पडत नाही.

दुसरं साधन : वही

आपण बचत गट चालवतो. वहीचं महत्त्व तुम्हाला सांगायची गरजच नाही. कर्जाच्या नोंदीत तारीख नसेल, सही नसेल, तर बँक ती नोंद धरत नाही. समुद्राच्या नोंदीचंही तसंच आहे. प्रत्येक वेळी एवढं लिहायचं :

तारीख, तिथी आणि वेळ.
जागा. "खाडीवर" असं मोघम नको. "बंदराच्या उत्तरेचा काळा खडक" असं लिहा.
काय दिसलं. तुमच्या गावचं नाव लिहा. शास्त्रातलं नाव नंतर मिळतं, गावचं नाव हरवलं तर परत मिळत नाही.
किती दिसलं. मोजता आलं नाही तर एक, थोडे, पुष्कळ असं लिहा.
जमीन कशी : वाळू, चिखल, खडक की कांदळवन.
कोण होतं आणि कुणी लिहिलं.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. काही मिळालं नाही तरी लिहायचं. "तीन तास फिरलो, तिसऱ्या मिळाल्या नाहीत" ही फार मोलाची नोंद आहे. पाच वर्षांपूर्वी याच दिवसात पाटीभर मिळत होत्या हे दाखवायचं असेल तर दोन्ही आकडे लागतात. ज्या महिन्यात वर्गणी आली नाही तो महिना आपण वहीतून गाळतो का? शून्य लिहितो. इथेही शून्य लिहायचं.

तिसरं साधन : मोबाईल

गटातल्या एकीकडे तरी बरा कॅमेरा असलेला फोन असतो. तेवढा पुरे. फोटो काढताना चार गोष्टी पाळा. एक, जीव आहे तिथेच, तसाच काढा. दोन, वरून, बाजूने, जमलं तर पोटाकडूनही काढा. खेकड्याचे नांगे, शंखाचं तोंड, माशाचे पर नीट दिसले पाहिजेत. तीन, शेजारी नाणं नाहीतर पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. चार, फोनमधलं लोकेशन चालू ठेवा.

मग हा फोटो कुठे टाकायचा? 'आयनॅचरलिस्ट' नावाचं मोफत ॲप आहे. अमेरिकेत २००८ साली विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून ते सुरू झालं, आज जगभर वापरतात. मुंबईवाल्यांनी आपल्या नोंदी त्यातच ठेवल्यात. फोटो टाकला की ॲप अंदाजाने नाव सुचवतं. पुढे जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातला जाणकार माणूस तो फोटो बघून सांगतो की हे अमुक आहे. दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीच्या नावावर एकमत झालं, आणि तारीख-जागा नीट असली, की त्या नोंदीला संशोधनाचा दर्जा मिळतो. म्हणजे तुमच्या गावच्या बाईने काढलेला फोटो शास्त्रज्ञ वापरू शकतो. किनाऱ्यावर रेंज नसली तरी चालतं, घरी येऊन टाका.

ॲपने सुचवलेलं पहिलं नाव खरं धरू नका. तो अंदाज असतो. तुम्हाला खात्री नसेल तर नुसतं "खेकडा" लिहा. चुकीच्या नावापेक्षा अर्धं नाव बरं.

माशांसाठी 'फिशबेस' म्हणून एक मोठी मोफत यादी इंटरनेटवर आहे. त्यात मराठी नावंसुद्धा सापडतात. आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून देशाच्या समुद्राचा अभ्यास करते. त्यांची माणसं ससून डॉक, भाऊचा धक्का अशा बंदरांवर जाऊन उतरलेली मासळी मोजतात. त्यांचे बरेचसे अहवाल मोफत वाचता येतात. इंग्रजीत असतात, पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा.

चौथं साधन : फूटपट्टी

हे मला सगळ्यात आवडतं, कारण ते बाजारात बसल्या बसल्या वापरता येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला. पापलेटाचा आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. त्याहून लहान पकडायचं नाही. का? मासा एकदाही अंडी न घालता पकडला तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय?

तुमच्या पाटीत येणारं पापलेट दर आठवड्याला एकदा मोजा. दहा मोजले तरी पुरे. वहीत लिहा. वर्षाने बघा, आकार लहान होत चाललाय की काय. हा अभ्यासच आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पैशाचं काय?

हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. वही भरून पोट भरत नाही. तर तीन गोष्टी सांगते.

पहिली. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात एक योजना आहे. मासेमारीच्या जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमुशीसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीसाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून हे बघतात. पुरावा काय मागतात? फोटो आणि व्हिडिओ. घरच्या होडीवर जाणाऱ्या माणसाला एवढं सांगून ठेवा : सोडताना मोबाईल चालू कर. फोटो नाही, तर भरपाई नाही.

दुसरी. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. मांडवी खाडीत त्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. वल्हवतात त्याच आणि माहिती सांगतात त्याच : हे झाड कुठलं, हा पक्षी कुठला. लोक होडीत बसायचे पैसे देतात, आणि बाई जे सांगते त्याचेही देतात. ती माहिती आधी गोळा करावी लागली, नावं शिकावी लागली.

तिसरी. मंडणगड तालुक्यातलं वेळास. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कुठल्या तारखेला घरटं सापडलं, किती अंडी, किती पिल्लं निघाली, सगळं लिहिलेलं. म्हणूनच पिल्लं कधी निघतील ते आधी सांगता येतं, आणि लोक ती बघायला येतात. गावातल्याच घरांत राहतात, तिथल्या बायकांच्या हातचं जेवतात. २०२२ मध्ये कोकणातल्या पाच कासविणींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशी नावं ठेवली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ते यंत्र महागडं आहे, मोठ्या संस्थेचं काम आहे. पण घरटं कुठे आहे हे सांगणारा माणूस गावचाच होता.

वही पोचवायची कुठे?

कपाटात ठेवायला वही लिहायची नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने 'लोक जैवविविधता नोंदवही' करायला हवी. गावात कुठली झाडं, कुठले जीव, लोक त्यांचा काय उपयोग करतात, हे गावच्या लोकांच्या तोंडून लिहायचं. माधव गाडगीळ सरांनी अशा नोंदवह्यांचा आग्रह धरला होता. २००४ च्या नियमांत या समितीवर किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं ठेवलेलं होतं.

आता घरी गेल्यावर ग्रामपंचायतीत जाऊन तीन प्रश्न विचारा. आपल्या गावची समिती झाली आहे का? तिच्यावर बाई कोण आहे? नोंदवही दाखवाल का? अनेक ठिकाणी नोंदवही बाहेरच्या माणसाने दोन दिवसांत भरलेली असते आणि त्यात समुद्राचं पान कोरं असतं. ते पान भरायचा आपला हक्क आहे. ग्रामसभेत गटाची वही घेऊन उभ्या राहिलात तर ती नाकारणं सोपं नाही.

जपून

उद्यासाठी आणि नेहमीसाठी थोड्या सूचना. एकटीने जायचं नाही, निदान तिघी हव्यात. एकीचं लक्ष पाण्याकडे. अनवाणी नको, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल किंवा बूट घाला. वाळूच्या पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला. पाकट वाळूत दबून बसतं. पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं, पाय घासत गेलं तर आधीच सरकतं. २०१३ साली गिरगावच्या विसर्जनात पाकटांनी कितीतरी लोकांना काटे मारले होते. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय धरा आणि दवाखान्यात जा. जेलीफिश लागली तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, आणि त्रास वाढला तर डॉक्टरकडे.

जिवंत शंख हातात घेऊ नका, काही शंखातले जीव विषारी डंख मारतात. दगड उलटला तर बघून झाल्यावर जसा होता तसा ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. काही घरी आणायचं नाही. खाण्यासाठी नेहमी जे वेचता ते वेगळं, शोभेसाठी प्रवाळ उचलणं वेगळं. तो गुन्हा आहे.

आणखी एक. कासवाचं घरटं, दुर्मिळ जीव, यांची नेमकी जागा सगळ्या जगाला सांगू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. आयनॅचरलिस्टमध्ये जागा झाकून ठेवायची सोय आहे, ती वापरा. कालवांची चांगली जागासुद्धा गटाने ठरवूनच सांगा. ती तुमची रोजी आहे. काय उघड करायचं आणि काय गटाच्या वहीत ठेवायचं, हा निर्णय तुमचा.

पुढच्या महिन्यात

खर्च काय? एक जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन्सिली (पेन ओलं झालं की पसरतं), एक प्लॅस्टिकची पट्टी, एक पांढरी थाळी, फोनला प्लॅस्टिकची पिशवी. गटाच्या किरकोळ खर्चातून होईल.

काम वाटून घ्या. जिला तिथी आणि पाण्याचं गणित येतं ती वेळ सांगेल. जिला लिहिता येतं ती लिहील. जिचा फोन चांगला ती फोटो काढेल. आणि ज्या आजींना लिहिता येत नाही पण प्रत्येक शिंपल्याचं नाव माहीत आहे, त्यांना पुढे बसवा. या कामात त्या सगळ्यात मोठ्या जाणकार आहेत. पूर्वी काय मिळायचं आणि आता काय मिळत नाही, हे त्यांच्याकडून आधी लिहून घ्या.

महिन्यातून एकच दिवस. पौर्णिमेनंतरची द्वितीया. मासिक बैठकीच्या ठरावात तो दिवस घाला, म्हणजे राहणार नाही. पहिल्या तीन महिन्यांच्या वह्या घेऊन आपण प्रभागाच्या बैठकीत बसू आणि कुठे काय अडलं ते बघू. ज्या गावांना समुद्र नाही त्यांनी नदी, तळं, ओढा घ्यावा. रीत तीच आहे.

उद्या सकाळी पावणेसहाला खाली जमायचं आहे. चपला घासल्याशिवाय कुणी पाण्यात उतरणार नाही, आणि वही माझ्याकडे नसेल, तुमच्याकडे असेल.